उघडे दार, उघडी वही

बुलढाणा जिल्हा तसा भाविकांचा जिल्हा. घाटाखाली शेगावला गजानन महाराजांची समाधी, घाटावर देऊळगाव राजाचा बालाजी, मेहकरचा शारंगधर, पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आणि मोताळा तालुक्यात रोहिणखेडची जुनी मशीद. एवढ्या मोठ्या नावांच्या गर्दीत जिल्ह्यातल्या मूठभर ख्रिस्ती मंडळींकडे कोणाचे लक्ष जात नाही. नाताळ आला की वर्तमानपत्रात मेणबत्त्यांचा एक फोटो छापून येतो आणि मग वर्षभर सारे शांत. त्यांच्याविषयी आपल्याला काय ठाऊक असते? शाळेतले एखादे शिस्तीचे मास्तर, दवाखान्यातल्या एखाद्या नर्सबाई, नाताळच्या फराळाचे ताट. त्यांनाही आपल्याविषयी फार ठाऊक असते असे नाही. ईदचा शीरखुर्मा, मशिदीवरचा भोंगा आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या. दोन्ही समाज अल्पसंख्य, दोन्ही एकमेकांच्या शेजारी, आणि दोघांच्या मध्ये एक सभ्य अंतर.

या लेखात आम्ही ते अंतर थोडे ओलांडणार आहोत. प्रश्न आपल्याच घरातला आहे, पण त्याचे उत्तर शोधायला शेजारच्या घरात डोकावले तर बिघडत नाही. प्रश्न असा : जमात कशाच्या आधारावर जमात राहते? आणि जो माणूस तिच्या चौकटीत नीट बसत नाही, त्याचे ती काय करते?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडलेला नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले. त्या सहांत बुलढाणा होता. कपाशीच्या आणि कर्जाच्या त्या वर्षांत शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या इतक्या येत की वाचणाऱ्यांनी नावे वाचणे सोडून दिले होते. त्याच काळात घाटाखालच्या एका गावात आमच्या ओळखीच्या एका मुसलमान कास्तकाराने आपला जीव दिला. कोरडवाहू पाच एकर, सोसायटीचे देणे, सावकाराचे देणे आणि लग्नाच्या वयाची मुलगी. मय्यत अंगणात होती आणि मशिदीच्या ओट्यावर वाद चालू होता. आत्महत्या हराम आहे, तेव्हा जनाज्याची नमाज पढवायची की नाही? इमामसाहेबांनी नकार दिला. कमिटीतले काही त्यांच्या बाजूचे, काही विरुद्ध. शेवटी शेजारच्या गावाहून एक वृद्ध हाफिजसाहेब आले, त्यांनी नमाज पढवली, आणि दफन संध्याकाळी उशिरा झाले. कबरस्तानात माणसे मोजकीच होती.

पुढे काही दिवसांनी आम्ही त्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये होत्या. पडद्याआडून त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘चंदा तो हर महिने लेते थे, भाईजान. नमाज के वक्त पराये कैसे हो गए?’’

त्या घरात आमच्या आधी दोन माणसे येऊन गेली होती. तालुक्याच्या गावी राहणारे एक निवृत्त पाळकसाहेब आणि त्यांच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई. मयत माणसाची दोन्ही बाळंतपणे या बाईंच्याच हातची होती. ते आले, बसले, चहा प्याले. धर्माचा शब्द काढला नाही. मुलांची शाळा सुटणार नाही ना, एवढे विचारून गेले, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आले. आमच्या मनात प्रश्न उभा राहिला तो इथे.

आता थोडा इतिहास. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती समाजाची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मिशन कामात आहेत. खामगाव, बुलढाणा, मलकापूर, अकोला या पट्ट्यात अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनने काम उभे केले. तो १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांचा काळ. पंडिता रमाबाईंनी १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना आपल्या आश्रयाला नेले, तोही हाच काळ. हे मिशन मताने उदार नव्हते. बायबलवर काटेकोर निष्ठा, धर्मांतराचा आग्रह आणि कडक शिस्त असा त्याचा बाणा. तेव्हा ख्रिस्ती म्हणजे आपोआप उदार, असा समज कोणी करून घेऊ नये. कर्मठपणा त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही. त्यांच्यात उदारपणाचा जो प्रवाह आला तो वेगळ्या वाटांनी आला. त्यातल्या तीन वाटा आम्हाला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली वाट अस्सल मराठी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणात जन्मलेले चित्पावन ब्राह्मण कवी. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आयुष्य वेचले. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तुकोबांचा हात सोडला नाही. अभंग, भजन, कीर्तन ही सारी मराठी सामग्री त्यांनी चर्चमध्ये आणली. पण मिशनचा साहेबी कारभार आणि पगारी धर्मसेवा त्यांना खुपत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. येशूवर प्रेम आहे ना, मग ये आणि बस. १९१९ साली टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची गीते मात्र मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. ज्याने चौकट मोडली त्याचीच गाणी त्या चौकटीने जपली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे हे घर साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचे झाले.

इथे आपल्याला आपली माणसे आठवल्याशिवाय राहत नाहीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, शहामुनींनी ‘सिद्धान्तबोध’ लिहिला. मराठी संतवाङ्मयाने त्यांना आपले मानले. आपल्या मोहल्ल्याने मानले का? आणि हमीद दलवाईंचे काय? २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची सारी मते आम्हाला मान्य आहेत असे नाही. पण १९७७ साली वयाच्या पंचेचाळिशीच्या आत ते गेले, आणि त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचे दहन झाले, कोणताही धार्मिक विधी न होता. प्रश्न विचारणारा माणूस जमातीबाहेर राहिला, की जमातीने त्याच्यासाठी आत जागाच ठेवली नाही, यावर आपण आजवर मोकळेपणाने बोललेलो नाही.

दुसरी वाट आमच्या विदर्भातूनच जाते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि आधीच एकत्र आलेले युनायटेड चर्च. यांच्यातले मतभेद किरकोळ नव्हते. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की समजत्या वयात श्रद्धा कबूल केल्यावर द्यायचा, या एका वादावर युरोपात माणसे बुडवून मारली गेली आहेत. नागपुरात काय ठरले? दोन्ही पद्धती चालतील. एकाच चर्चमध्ये एक कुटुंब बाळाला आणील, दुसरे कुटुंब मूल मोठे होण्याची वाट पाहील, आणि दोघे एकाच बाकावर बसतील.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या मशिदींच्या दारावरच्या पाट्या आल्या. बरेलवी, देवबंदी, अहले हदीस. आमीन मोठ्याने म्हणायची की मनात, सलाम उभे राहून पढायचा की नाही, यावरून एका मोहल्ल्याच्या दोन मशिदी झाल्या. एका बापाचे दोन मुलगे दोन मशिदींत जातात आणि ईदला तेवढे गळ्यात पडतात. किबला एक, कलमा एक, किताब एक. तरी आपल्याला एक छप्पर पुरत नाही.

वर ज्यांचा उल्लेख केला ते पाळकसाहेब उमेदीच्या काळात नागपूरकडच्या अशाच मंडळ्यांत सेवा करून निवृत्त झाले होते. पुढे त्यांच्याशी आमचे बरेच बोलणे झाले. मंडळी कशी चालते, हे आम्ही खोदून खोदून विचारले. त्यांनी सांगितलेली माहिती साधी होती. मंडळीची एक पाळकीय समिती असते आणि ती सभासद निवडून देतात. मत पुरुषाला तसे बाईला, आणि बाई समितीतही बसते. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते, खजिनदार जमाखर्च वाचून दाखवतात, आणि कोणीही उठून विचारू शकतो की पंख्यांच्या दुरुस्तीला एवढे पैसे कसे लागले. आम्ही विचारले, ‘‘आणि एखाद्याची श्रद्धाच डळमळली तर?’’ पाळकसाहेब हसले. म्हणाले, ‘‘भाई, मग तर त्याला जास्त यावं लागेल. ज्याला सगळं पटलेलं आहे, त्याचं माझ्याकडे काय काम?’’

हे ऐकायला गोड आहे, पण चित्र एकरंगी नाही हेही त्यांनीच सांगितले. मंडळीच्या जमिनींवरून भांडणे होतात आणि ती कोर्टात जातात. जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली जात नाही, लग्न जुळवताना पूर्वीची वस्ती विचारली जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान मात्र बाहेरच राहिले. तेव्हा दुःखही बरेचसे सामाईक आहे. आपल्यातही समता मशिदीच्या सफेत असते आणि सफ मोडली की खाटीक, पिंजारी, बागवान, फकीर पुन्हा आपापल्या गल्लीत जातात.

तिसरी वाट रोमन कॅथलिकांची. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी महासभा भरली. तिच्यानंतर लॅटिनमधली उपासना लोकांच्या भाषेत आली, आणि वसईच्या शेतकऱ्याला मिस्सा आपल्या मराठीत ऐकता येऊ लागली. त्याच महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी एक घोषणापत्र काढले. त्यात मुसलमानांचा उल्लेख आदराने आहे. ते एका देवाला भजतात, येशूला पैगंबर मानतात, मरियमचा मान राखतात, नमाज, रोजा, जकात पाळतात, असे त्यात म्हटले आहे, आणि मागची भांडणे विसरण्याचे आवाहन आहे. क्रुसेडांचा इतिहास पाठीशी असताना हे लिहायला धैर्य लागते. आपल्याकडे याचा आधार फार जुना आहे. मक्केतल्या छळाला कंटाळून निघालेल्या मुसलमानांना हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने आसरा दिला आणि त्याच्या दरबारात सूरह मरियमची तिलावत झाली. नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदिनेला आले तेव्हा त्यांनी आपली प्रार्थना पैगंबरांच्या मशिदीतच केली, अशी नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. आपल्या जुम्म्याच्या बयानात हे प्रसंग किती वेळा येतात?

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी या तिसऱ्या वाटेला मराठी चेहरा दिला. ‘सुवार्ता’चे संपादन, वसईची हिरवाई राखण्याची चळवळ, मराठीत सुबोध बायबल. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून काहींनी विरोध केला. तीस वर्षांपूर्वी, १९९० मध्ये, पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. मराठीने दोघांनाही आपल्या ओसरीवर बसवले. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो गेले.

आता पुन्हा त्या जनाज्याकडे येऊ. मुद्दा असा की आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफन नाकारण्याची रीत आपल्यापुरती नव्हती. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात अशा मृताला दफनविधी वर्ज्य होता. कॅथलिकांच्या १९१७ च्या कायदासंहितेतही तेच कलम होते. १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम उरले नाही. पाप पुण्य झाले असे कोणी म्हटले नाही. एवढेच मानले गेले की माणूस कोणत्या मनःस्थितीत ते पाऊल उचलतो हे देव जाणतो, आणि मागे राहिलेल्यांना त्या दिवशी शिक्षेची नव्हे, आधाराची गरज असते. आपल्या फिक्हमध्ये यासाठी नवे कलमही लागत नाही. पैगंबरांनी अशा एका जनाज्याची नमाज स्वतः पढवली नाही, अशी हदीस आहे. पण हनफी मजहबात मान्य असलेले मत हेच की अशा मयताची नमाज पढवली जाईल, तो मुसलमानच आहे. फार तर मोठ्या आलिमाने लोकांना धाक बसावा म्हणून स्वतः बाजूला राहावे, पण जमातीने मयताला टाकू नये. म्हणजे दया आपल्या किताबांत होती, ओट्यावर नव्हती. ओट्यावर शिस्त होती.

या साऱ्या काळात आम्ही दोन जागांची तुलना मनात करत आलो. आपल्या जिल्ह्यात उदारपणाची जागा कोणती म्हणून विचारले तर कोणीही सैलानीचे नाव घेईल. होळीच्या सुमारास तिथे लाखो माणसे येतात. नारळांची होळी पेटते, संदल निघतो. कोणी कोणाला धर्म विचारत नाही. घरच्यांनी हात टेकलेले मनोरुग्ण तिथे आणले जातात. दार सताड उघडे. पण दर्ग्याला सभासद नसतात. यात्रा सरली की माणूस आपल्या गावी जातो आणि तिथे एकटाच असतो. त्याचे चार महिन्यांनी काय झाले, हे विचारायला दर्गा येत नाही. मशिदीचे नेमके उलट. तिथे वही आहे, घरटी चंद्याची नोंद आहे, कोणाचे किती महिने थकले ते खजिनदाराला तोंडपाठ असते. पण दार अरुंद. प्रश्न विचारणारा तरुण, नमाज चुकवणारा मजूर, तलाक झालेली बाई आणि तो कास्तकार या दारातून आत येताना अंग चोरतात. उदार मंडळी म्हणजे काय, याचे आम्हाला सापडलेले उत्तर असे की, जिथे दारही उघडे असते आणि वहीही उघडी असते. येणाऱ्याला अडवायचे नाही आणि आलेल्याला विसरायचे नाही. पहिल्या गोष्टीला मन मोठे लागते, दुसरीला नियमितपणा लागतो. आणि वही दोन्ही बाजूंनी वाचता आली पाहिजे. सभासदाने काय दिले ते जमातीने पाहावे, आणि जमातीने सभासदाला काय दिले ते त्याने पाहावे. त्या भाभींचा प्रश्न नेमका या दुसऱ्या पानाबद्दल होता.

कोणी म्हणेल, हे सारे आणून आपण इस्लामला चर्च करायला निघालो आहोत का? मुळीच नाही. शूरा हा आपला शब्द आहे, कुरआनात त्या नावाची सूरह आहे. महराच्या रकमेवरून हजरत उमरना भर सभेत एका बाईने टोकल्याची आणि त्यांनी ते मान्य केल्याची कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. मदिनेच्या मशिदीत बायका नमाजला येत. पुण्याच्या एका दांपत्याने बायकांच्या मशीदप्रवेशासाठी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा २०२० च्या जानेवारीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही शपथेवर सांगितले की मशिदीत नमाज पढायला बायकांना मनाई नाही. मनाई नाही, पण जागाही नाही, वजूची सोय नाही, कमिटीत खुर्ची तर दूरच. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये नंद्यालला एका महिलेला बिशप केले. आम्ही इमामतीचा वाद काढत नाही. मशिदीच्या हिशेबाच्या बैठकीत दोन बाया बसाव्यात, एवढ्यासाठी कोणता फतवा लागतो?

म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या जमातींपुढे आम्ही चार साध्या गोष्टी ठेवतो. वर्षातून एकदा रमजानपूर्वी मशिदीच्या अंगणात हिशेब मोठ्याने वाचला जावा. जुम्म्याचे बयान महिन्यातून एकदा तरी शेतमाल, कर्ज, दारू, मुलींचे शिक्षण या आपल्या जगण्यावर व्हावे आणि नंतर प्रश्नांना अर्धा तास असावा. बायकांसाठी एक खोली आणि कमिटीत दोन जागा असाव्यात. आणि चौथी गोष्ट सर्वांत आधी लिहून भिंतीवर लावावी : या वस्तीतल्या कोणत्याही कलमा पढणाऱ्याचा जनाजा वादात अडकणार नाही, त्याच्या घरी इद्दतीचे चार महिने दहा दिवस दर आठवड्याला जमातीचे कोणीतरी जाईल.

यातले काहीच महाग नाही. मशिदीला मिनार बांधायला आपण किती वर्षे वर्गणी गोळा करतो! ही चार कामे एका बैठकीत ठरतील. पाळकसाहेबांना आम्ही एकदा विचारले होते की एवढ्या लहान मंडळीचा निभाव कसा लागतो. ते म्हणाले, ‘‘लहान आहोत म्हणूनच. एक माणूस आला नाही की बाक रिकामा दिसतो.’’ आपल्या सफा मोठ्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. मधला एखादा माणूस गळला तर शेजारचे दोघे सरकून खांद्याला खांदा लावतात आणि जागा भरून निघते. नमाजचा कायदा तसाच आहे आणि तो बरोबर आहे. पण नमाज संपल्यावर मागे वळून, आज इथे कोण नव्हते आणि का नव्हते, हे विचारायला कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही.